पेशी ओळखू आली म्हणजे चित्र फसलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या चाळिशीतल्या चित्रकर्तीचं हे पत्र आहे. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली होती, पण पुढे घरच्यांच्या सांगण्यावरून एम.एस्सी. झालं. गेली नऊ वर्षं त्या अमूर्त चित्रं काढत आहेत आणि दोन समूह प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागली आहेत. एका ज्येष्ठ चित्रकारांनी चित्रं पाहून सांगितलं, “या मोठ्या केलेल्या स्लाइड्स आहेत, याला अमूर्त म्हणत नाहीत.” एका गॅलरीवाल्यांचं म्हणणं नेमकं उलट : “सायन्स हीच तुमची ओळख, प्रत्येक चित्राखाली शास्त्रीय नाव लिहा.” कॉलेजातले सहकारी चित्रासमोर उभे राहून ‘ही कोणती पेशी?’ एवढंच विचारतात. आता जीवशास्त्र चित्रांतून काढून टाकावं का, की नोकरी सोडून रीतसर बी.एफ.ए. करावं, असा त्यांना पेच पडला आहे. जाता जाता त्यांनी लिहिलं आहे की काही चित्रांत प्रयोगशाळेत स्लाइड रंगवायला लागणारं सॅफ्रानिन आणि क्रिस्टल व्हायोलेट वापरलं होतं, ती तीन वर्षांत फिकी पडली. अगारचा, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला वापरतात त्या जेलीचा, थर दिलेल्या एका चित्राला गेल्या पावसाळ्यात बुरशी लागली. आणि अशा रंगांची दोन चित्रं विकलीही गेली आहेत.

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात : जीवशास्त्र म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं दाखवणं, अमूर्त म्हणजे त्यातून सुटणं, आणि या दोहोंतून एकाची निवड करायची. आधी हे तपासून पाहू या.

बारावीच्या पुस्तकातली द्विदल खोडाच्या आडव्या छेदाची आकृती डोळ्यांसमोर आणा. वर्तुळात नीट मांडलेले वाहक पूल (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे), प्रत्येकाची कड स्पष्ट, सगळे एका मापाचे. अशी स्लाइड आजवर कुणी पाहिली आहे का? खरा छेद एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेला, मध्ये हवेचा बुडबुडा, दोन पूल एकमेकांत घुसलेले. पुस्तकातली आकृती म्हणजे शेकडो छेद पाहून, त्यांतलं बरंचसं सोडून उरवलेला सांगाडा. दरवर्षी फळ्यावर हेच तुम्ही करता. काय सोडायचं ते ठरवणं हेच अमूर्ताचं मूळ काम आहे आणि त्याचा सराव तुम्हाला वीस वर्षांचा आहे. त्यामुळे ज्येष्ठ चित्रकारांचा शेरा माझ्या मते अर्धाच बरोबर आहे. तुमच्या चित्रांत जीवशास्त्र जास्त झालेलं नाही. स्लाइड बनवणाऱ्याने आणि पुस्तकातली आकृती काढणाऱ्याने केलेली निवड तुम्ही तशीच उचलता आणि तुमची स्वतःची निवड पुढे सुरूच होत नाही, अडचण ही आहे.

पत्रासोबतच्या फोटोंत ही उसनी निवड तीन ठिकाणी दिसते.

पहिली, वर्तुळ. अकरापैकी सात चित्रांत आकार एका मोठ्या गोलात बसवले आहेत. तो गोल पानाचा नाही, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधल्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातल्या, पडद्याचा आहे. आयपीसवर १०×/१८ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या १८ला ४०च्या ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडजवळच्या भिंगाने) भागलं की ०.४५ मिलिमीटर येतात. चारशे पट मोठं करून पाहताना तुम्हाला तेवढ्याच व्यासाचा तुकडा दिसतो. तो ९० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर नेला की दोन हजार पट मोठा झाला. इतक्या मोठ्या मापात यंत्राची कड सोबत आणण्याचं काही कारण उरत नाही. वर्तुळ सोडा. उभी, अरुंद पट्टी घ्या, ३० बाय ९० सेंटिमीटरची, आणि आकार चारही कडांनी बाहेर जाऊ द्या. पाहणाऱ्याला ‘भिंगातून बघतोय’ असं वाटणं एवढ्यानेच निम्म्याने कमी होईल.

दुसरी, सममिती. अर्न्स्ट हेकेल हा प्राणिशास्त्रज्ञ. १८९९ ते १९०४ या काळात त्याची शंभर चित्रपट्टांची मालिका छापली गेली. रेडिओलेरिया नावाचे सूक्ष्म सागरी जीव, जेलीफिश, शैवाल, सगळं मध्यरेषेवर तोलून मांडलेलं. ती चित्रं फार देखणी आहेत आणि म्हणूनच जीवशास्त्रातून आलेल्या चित्रकारांना भुलवतात. पण मोठ्या कॅनव्हासवर तशी मांडणी केली की तिची रांगोळी होते : डोळा मध्यावर जातो, एक चक्कर मारतो, आणि पाहणं संपतं. तुमचं सातव्या क्रमांकाचं चित्र, ज्यात छेद कोपऱ्यात फाटला आहे, तेच तुमच्या सगळ्या चित्रांत सर्वांत जिवंत आहे. तिथे डोळ्याला काहीतरी करावं लागतं.

तिसरी निवड रंगाची, आणि हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. तुमचे लाल-हिरवे म्हणजे सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन. गुलाबी-जांभळे म्हणजे इओसिन आणि हिमॅटॉक्सिलिन. यांतला एकही रंग छेद घेतलेल्या वनस्पतीचा किंवा प्राण्याचा स्वतःचा नाही; आठ-दहा मायक्रॉनचा छेद मुळात जवळजवळ रंगहीन असतो. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी बाटलीतून ते रंग त्याच्यावर घातले आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांना तीच सवय लागली. तुमच्या सहकाऱ्यांना ‘कोणती पेशी’ हे विचारायला लावतात ते आकार नव्हेत, हे रंग. त्याच आकारांवर कच्चा अंबर (मातकट तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा एवढेच तीन रंग लावून महिनाभर काम करून पाहा. निम्मी ओळख पुसली जाईल.

पण छेदावर रंग चढवण्याच्या पद्धतीत चित्रकाराला घेण्यासारखं खरं काही असेल तर ते तिच्या क्रियेत आहे. सॅफ्रानिन आपण आधी सगळ्या छेदावर भरपूर चढवतो आणि मग अल्कोहोलने धुऊन काढत जातो, जिथे लिग्निन (पेशीभित्ती कठीण करणारा लाकडी पदार्थ) आहे तिथेच लाल उरेपर्यंत. म्हणजे रंग लावण्याइतकंच तो काढणं महत्त्वाचं, आणि कुठे राहायचं हे पदार्थाने ठरवायचं. हे कॅनव्हासवर जसंच्या तसं करता येतं. जाड विणीच्या कॅनव्हासवर जेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या, म्हणजे वीण बुजणार नाही. त्यावर काही भागांत मॉडेलिंग पेस्ट (जाड, खरखरीत लेप) सुरीने ओढा, काही भाग मीडियमने (बिनरंगी ॲक्रिलिक माध्यमाने) गुळगुळीत करा, आणि चोवीस तास वाळू द्या. मग पातळ केलेला गडद तैलरंग सगळीकडे चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा, आणि सुती चिंधीवर अगदी थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसायला लागा. खरखरीत जागा रंग धरून ठेवतील, गुळगुळीत सोडतील. हेच ॲक्रिलिकने करायला गेलात तर आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात पुसायला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात आणि डाग कायमचा बसतो. रंग सावकाश वाळवणारा रिटार्डर मिसळा किंवा हे काम सरळ तेलातच करा. चूक होते ती चिंधीला टर्पेंटाइन जास्त लागल्याने : रंग निघतो, पण पातळ होऊन बाजूच्या स्वच्छ जागेत पसरतो आणि सगळ्यावर एकच मळकट झाक येते. चिंधी दर दोन हातांनंतर बदलायची.

आकाराऐवजी क्रिया घ्या, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. आणखी एक उदाहरण तुमच्याच प्रॅक्टिकलमधलं. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवली की काय होतं? आधी काहीच नाही. मग एखाद्या पेशीच्या कोपऱ्यात जांभळा भित्तीपासून किंचित सुटतो. तिथे पारदर्शक फट येते. ती फट रुंदावते, जांभळा आत आत गोळा होत गडद होतो, आणि शेजारची पेशी अजून भरलेलीच असते. याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात; तेवढंच धरून जांभळा गोळा आणि भोवती भिंत रंगवली तर ती झाली आकृती. पण ‘भरलेलं काहीतरी आपल्या कडेपासून सुटतं आणि लहान होताना गडद होतं’ एवढंच धरलंत तर ते माणसाला पेशी माहीत नसतानाही कळतं. रंग हे स्वतः करतोही : वाळलेल्या ग्लॉस मीडियमच्या थरावर पातळ ॲक्रिलिक ओतलं की ते पसरून राहत नाही, कडांपासून आक्रसतं, थेंबाथेंबांत गोळा होतं. मात्र नुसत्या पाण्याने पातळ केलेला रंग अशा गुळगुळीत थरावर नीट धरत नाही आणि नखाने खरवडला तरी निघतो. म्हणून पातळ करताना निम्मं पाणी, निम्मं मीडियम घ्या, कॅनव्हास पूर्ण आडवा ठेवा, आणि दोन दिवसांनी वरून मीडियमचा एक पातळ हात द्या.

सरावासाठी एक नियम घ्या. ३०० जीएसएमचा, ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा पूर्ण कागद. मध्यापासून जरा बाजूला अंगठ्याएवढा एक ठिपका. प्रत्येक फेरीत प्रत्येक ठिपक्याने दोन व्हायचं, दुसरा ठिपका आधीच्या दिशेशी काटकोनात टाकायचा. जो तिन्ही बाजूंनी वेढला गेला, तो थांबला. दर फेरीला वाटीतल्या रंगात दुसऱ्या रंगाचा एकच थेंब वाढवायचा, म्हणजे कोण कुणापासून आला हे रंगात राहतं. काही अडलं नसतं तर आठव्या फेरीला २५६ ठिपके झाले असते. प्रत्यक्षात मधले लवकर अडतात आणि कडा वाढत राहतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बहुतेकांचं पाचव्या-सहाव्या फेरीला बिघडतं. हात नियम सोडून शोभा करायला लागतो, रिकामा कोपरा ‘भरून’ काढतो. तिथे थांबा, कागद भिंतीवर लावा, दुसऱ्या दिवशी पुढची फेरी करा. असे दहा कागद झाल्यावर अकराव्यात एक नियम मुद्दाम, एकाच जागी मोडा. ती जागा कुठली हे तुम्ही ठरवणार, आणि चित्र तिथून तुमचं होईल.

आणि पाहणं व रंगवणं यांत एक रात्र जाऊ द्या. दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, फोटो काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवा. फोटो सगळं सारखंच जपतो. आठवण गर्दी, दाब आणि मोकळी जागा एवढंच ठेवते.

तुमच्यासारखे याआधी होऊन गेलेत का? हो. स्वीडनच्या चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट यांनी १९००च्या सुमारास स्टॉकहोमच्या पशुवैद्यक संस्थेसाठी रेखाटनं केली, वनस्पतींचे बारकाईने अभ्यास केले, आणि १९०७ साली माणसापेक्षा कितीतरी उंच अशी दहा चित्रं रंगवली. त्यांत वेलांचे ताणे आहेत, पाकळ्या आहेत, बीजासारखे आकार आहेत, पण एकाही झाडाचं नाव सांगता येत नाही. रशियन अमूर्त चित्रकार कान्डिन्स्की १९३३च्या अखेरीस पॅरिसजवळ राहायला गेले, त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत भ्रूणासारखे, अमीबासारखे आकार तरंगू लागले. शास्त्रीय पुस्तकांतली चित्रं ते जमवत असत. आणि डेस्मंड मॉरिस तर व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ : ऑक्सफर्डला स्टिकलबॅक माशाच्या वर्तनावर डॉक्टरेट, आणि त्याआधीच, १९५० साली, लंडनमध्ये स्पॅनिश चित्रकार मिरोसोबत प्रदर्शन. त्यांच्या चित्रांतले जीव एका चित्रातून दुसऱ्यात बदलत जातात, पण ते कुठल्याही खऱ्या प्राण्याचे नाहीत. त्यांनी उत्क्रांती रंगात वापरली, प्राणी नाही वापरले. चित्रकार एस. एच. रझांचं ‘अंकुरण’ आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथेही बी रुजते ती त्रिकोणांत आणि रंगांच्या पट्ट्यांत.

गॅलरीवाल्यांच्या सल्ल्याकडे येते. शास्त्रीय नाव खाली लिहिलं की पाहणारा चित्र सोडून पाटी वाचतो, मग चित्रात पाटीवरचं शोधतो, सापडलं की पुढे सरकतो. ‘मायटोसिस ३’ हे शीर्षक प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतं. त्याऐवजी क्रियेचा साधा मराठी शब्द घ्या : सुटणं, ओल, दाटी, कड. पण पार्श्वभूमी लपवूही नका. ती प्रदर्शनातल्या तुमच्या ऐंशी ते शंभर शब्दांच्या निवेदनात असू द्या, एकाच वाक्यात. तुमच्या सध्याच्या निवेदनात ‘सूक्ष्म जीवसृष्टीचं अलौकिक सौंदर्य’ आहे; त्यातून तुम्ही काय करता ते कळत नाही. असं काही लिहिता येईल : “मी वनस्पतिशास्त्र शिकवते. छेद रंगवताना आधी सगळा रंग चढवून मग तो धुऊन काढतात. ही चित्रं त्याच क्रमाने झाली आहेत. रंग कुठे राहिला हे बरंचसं कॅनव्हासने ठरवलं आहे.” यात प्रौढी नाही, आणि पाहणाऱ्याला चित्राकडे परत जायला कारण मिळतं.

बी.एफ.ए.बद्दल. चार वर्षं पूर्णवेळ, तेही स्थिर नोकरी सोडून, हे मला आज पटत नाही. तुम्हाला पदवी कमी पडत नाही. कमी पडतात त्या दोन गोष्टी : साहित्याचं शिक्षण आणि चित्रावर नियमित बोलणारी माणसं. पहिलीसाठी एखाद्या निवृत्त कलाशिक्षकाकडे सहा महिने रविवारी जाऊन नुसती पृष्ठभागाची तयारी, थर आणि माध्यमं शिका. दुसरीसाठी तीन-चार चित्रकारांचा गट करा, महिन्यातून एकदा भेटा, आणि बोलण्याचा क्रम ठरवून घ्या : आधी काय दिसतं, मग डोळा कुठे थांबतो, ‘आवडलं’ सगळ्यात शेवटी. पुण्यात जन्मलेले सुधीर पटवर्धन १९७५पासून २००५पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि ती सगळी वर्षं रंगवतही होते. त्यांची चित्रं अमूर्त नाहीत, पण नोकरी आणि चित्र एकत्र चालत नाहीत ही समजूत त्यांच्याकडे पाहून तरी सोडा. शिवाय तुमच्या नोकरीत सूक्ष्मदर्शक आहे, पातळ छेद कापणारा मायक्रोटोम आहे, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर रिकामी प्रयोगशाळा आहे. जहांगीरला एकल प्रदर्शनासाठी अर्ज करायचा असेल तर आताच करा, कारण तारखेला वर्षं लागतात. तोवर पट्ट्यांची मालिका उभी राहील.

आता फिकट झालेल्या चित्रांचं, कारण ते थांबवून ठेवता येणार नाही. सॅफ्रानिन, क्रिस्टल व्हायोलेट, इओसिन, मिथिलीन ब्लू ही विरघळणारी रंजकं आहेत, चित्रकाराच्या ट्यूबमधली न विरघळणारी रंगद्रव्यं नव्हेत, आणि ती उजेडात उडतात. स्लाइड अंधाऱ्या पेटीत राहते. चित्र भिंतीवर उजेडात असतं. इओसिनपासून केलेला लाल व्हॅन गॉगने वापरला होता आणि त्याच्या कितीतरी चित्रांत तो आज उडून गेला आहे. शिवाय ही रंजकं पाण्यात विरघळतात, म्हणून वर ॲक्रिलिकचा थर दिला तरी त्यातून वर झिरपतात. क्रिस्टल व्हायोलेट तर उघड्या हातांनी स्टुडिओत वापरण्याची वस्तूच नव्हे. हे सगळे रंग चित्रांतून आजच बंद करा. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा : पी.आर. ८३ म्हणजे खरं अलिझरिन, तेही उडतं, त्याऐवजी पी.व्ही. १९, आणि जांभळ्यासाठी त्यात अल्ट्रामरीन, म्हणजे पी.बी. २९. शंका असेल तो रंग कागदाच्या पट्टीवर लावा, निम्मी पट्टी काळ्या कागदाने घट्ट झाका, दक्षिणेकडच्या खिडकीत तीन महिने ठेवा, आणि मग झाकण काढून दोन्ही भाग शेजारी पाहा. हळद, बीट, जास्वंद यांचीही अशीच परीक्षा घ्या म्हणजे मोह आपोआप सुटेल.

अगारवर आपण बुरशी मुद्दाम वाढवतो, तेव्हा पावसाळ्यात चित्रावर ती आली यात चित्राचा दोष नाही. अगार, जिलेटिन, खळ, चिकटवलेली पानं हे सगळं बुरशीचं आणि कसरीचं अन्न आहे. पारदर्शक जाड थर हवा असेल तर ॲक्रिलिक जेल मीडियम वापरा. लागलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, बीजाणू पसरतात. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या हवेत सावलीत पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा. एरवी भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांत बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावा, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका.

विकलेल्या दोन चित्रांच्या मालकांना या आठवड्यातच कळवा. कुठले रंग वापरले होते, ते उजेडात टिकत नाहीत हे नंतर लक्षात आलं, तोवर चित्र थेट उन्हापासून दूर ठेवावं, आणि त्यांना हवं असेल तर त्याच मापाचं नवं चित्र किंवा पैसे परत, एवढं चार ओळींत लिहा. नवं चित्र निवडायला त्यांना घरी बोलवा. तोपर्यंत पहिल्या दोन उभ्या पट्ट्या वाळल्या असतील.